फिर्यादीच्या बाकावरून न्यायासनावर

१८ ऑक्टोबर १९४५ रोजी बर्लिनच्या शोनेबर्ग भागातल्या एका जुन्या, भव्य न्यायालयात आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायाधिकरणाची पहिली जाहीर बैठक भरली. वर्षभरापूर्वी याच वास्तूत नाझींच्या ‘लोकन्यायालया’चा अध्यक्ष रोलंड फ्रायस्लर यानं हिटलरला मारण्याचा कट करणाऱ्या अधिकाऱ्यांवर तोंडाला येईल ते ओरडत त्यांना फाशी सुनावली होती. आता तिथं चार विजेत्या देशांचे न्यायाधीश बसले होते. त्या दिवशी अध्यक्षस्थानी होते सोव्हिएत संघाचे मेजर जनरल इओना तिमोफेयेविच निकितचेंको, वय वर्षं पन्नास. चारही देशांच्या फिर्यादी पक्षानं २४ नाझी पुढाऱ्यांविरुद्धचं आरोपपत्र त्यांच्यापुढे दाखल केलं. सोव्हिएत फिर्यादी पक्षाचे प्रमुख होते रोमान रुदेन्को. काही आठवड्यांपूर्वीपर्यंत रुदेन्कोंच्या जागी स्वतः निकितचेंको होते.

ज्यांनी खटल्याचे नियम ठरवले, ज्यांची नेमणूक आरोप ठेवण्यासाठी झाली होती, तेच आता निवाडा करायला बसले. तालुक्याच्या कोर्टात कालपरवा सनद घेतलेल्या वकिलालाही हे खटकलं असतं, आणि खटकायलाच हवं. मात्र या बाबतीत निकितचेंको एकटे नव्हते. फ्रान्सचे पर्यायी न्यायाधीश रोबेर फाल्को हेही नियम ठरवणाऱ्या लंडनच्या परिषदेत आपल्या सरकारच्या वतीनं बसले होते. अमेरिकेचे न्यायाधीश फ्रान्सिस बिडल हे १९४५ च्या जूनपर्यंत त्या देशाचे अॅटर्नी जनरल होते. १९४२ मध्ये पाणबुडीतून अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरलेल्या आठ जर्मन घातपात्यांवर त्यांनी स्वतः खटला चालवला होता, आणि नाझी पुढाऱ्यांवर खटला भरावा असं राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना सुचवणाऱ्या जानेवारी १९४५ च्या टिपणावर त्यांचीही सही होती. तेव्हा बोट एकाच माणसाकडे दाखवून चालणार नाही. तरीही निकितचेंकोंची गोष्ट वेगळी सांगावी लागते, कारण त्यांच्या मागे मॉस्कोतल्या एका खटल्याची सावली होती.

तो खटला ऑगस्ट १९३६ चा. लेनिनचे जुने सहकारी झिनोव्हिएव्ह आणि कामेनेव्ह यांच्यासह सोळा जण आरोपी होते. त्रोत्स्कीच्या सांगण्यावरून स्टालिनच्या खुनाचा कट रचल्याचा आरोप होता. सोव्हिएत सर्वोच्च न्यायालयाच्या लष्करी खंडपीठावर तिघं होते: अध्यक्ष वासिली उलरिख, आणि सदस्य म्हणून मातुलेविच व निकितचेंको. सरकारी वकील होता आंद्रेई व्हिशिन्स्की. बचावाचे वकील नव्हतेच. आरोपींनी एकामागून एक गुन्हे कबूल केले आणि त्या कबुलीजबाबांवरच सारा डोलारा उभा राहिला. त्यातल्या गोल्त्समन नावाच्या आरोपीनं सांगितलं, की १९३२ साली आपण कोपनहेगनच्या ब्रिस्टल हॉटेलात त्रोत्स्कीच्या मुलाला भेटलो. खटला संपल्यावर थोड्याच दिवसांत डेन्मार्कच्या एका वर्तमानपत्रानं दाखवून दिलं, की ते हॉटेल १९१७ सालीच पाडण्यात आलं होतं. एका वकिलाचे चार प्रश्न ही कबुली जागच्या जागी कोसळवायला पुरले असते. पण त्या दालनात ते चार प्रश्न विचारायला कोणी नव्हतं, आणि न्यायासनावर बसलेल्या तिघांनीही ते विचारले नाहीत. २४ ऑगस्टला सोळाच्या सोळा जणांना मृत्युदंड झाला आणि लगोलग त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. सोव्हिएत सर्वोच्च न्यायालयानं झिनोव्हिएव्ह आणि कामेनेव्ह यांना निर्दोष ठरवलं ते १९८८ मध्ये.

नऊ वर्षांनी, २६ जून १९४५ रोजी, हेच निकितचेंको लंडनच्या वेस्टमिन्स्टरमधल्या चर्च हाऊसमध्ये अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सच्या कायदेपंडितांसमोर बसले. सोबत प्राध्यापक आरोन त्रायनिन होते. युद्ध लादणं हाच एक गुन्हा मानावा, ही मांडणी करणाऱ्या विद्वानांपैकी त्रायनिन एक महत्त्वाचे. ‘शांततेविरुद्धचे गुन्हे’ ही कल्पना या न्यायाधिकरणाच्या, म्हणजे न्यूरेंबर्गच्या खटल्याच्या, सनदेत आली त्यात त्यांचा वाटा मोठा आहे, आणि पाश्चात्त्य लेखनात त्याचं श्रेय त्यांना फार उशिरा मिळालं. आणखी एक गोष्ट नेहमी नजरेआड होते. नाझी पुढाऱ्यांवर आंतरराष्ट्रीय न्यायालयात खटला भरा, अशी जाहीर मागणी सोव्हिएत सरकारनं १९४२ च्या ऑक्टोबरातच केली होती. पकडलेल्या बड्या धेंडांना चौकशीविना गोळ्या घालाव्यात असं मत बराच काळ चर्चिल यांचं होतं. खटल्याशिवाय शिक्षा नको असं त्यांना स्टालिननं सांगितलं. अर्थात स्टालिनच्या मनातला खटला १९३६ च्या जातीचा होता.

लंडनला मतभेद उघड झाले ते इथंच. जूनच्या अखेरीस झालेल्या एका बैठकीत निकितचेंकोंनी सरळ सांगितलं, की हे मुख्य युद्धगुन्हेगार आहेत आणि मॉस्को व क्रिमियाच्या जाहीरनाम्यांत सरकारप्रमुखांनी त्यांना आधीच दोषी ठरवलं आहे. न्यायालयानं फक्त प्रत्येकाच्या दोषाचं माप ठरवावं आणि त्याप्रमाणे शिक्षा द्यावी. त्यांच्या लेखी प्रश्न हातच्या कांकणाला आरसा कशाला, असा होता. समोर बसलेल्या रॉबर्ट जॅक्सन यांना हे पटणं शक्यच नव्हतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे हे न्यायमूर्ती आता अमेरिकेचे मुख्य फिर्यादी होते, म्हणजे त्यांचा प्रवास निकितचेंकोंच्या बरोबर उलटा. एप्रिलमध्येच वॉशिंग्टनच्या एका भाषणात त्यांनी बजावलं होतं, की दोष सिद्ध झाला नाही तर सोडून देण्याची तयारी नसेल तर माणसाला न्यायालयापुढे उभंच करू नका.

त्या परिषदेचं इतिवृत्त वाचताना एका जागी थांबायला होतं. चर्चेत उलटतपासणीचा मुद्दा निघाला आणि निकितचेंकोंनी विचारलं, ही इंग्रजांची उलटतपासणी म्हणजे नेमकं काय? प्रश्न प्रामाणिक होता. युरोपातल्या बहुतेक देशांत न्यायाधीशच साक्षीदाराला प्रश्न विचारतो, फिर्यादीचा सगळा कागद खटल्याआधीच त्याच्या हाती असतो, आणि दोन वकिलांनी साक्षीदाराला आलटून पालटून धरण्याची पद्धत तिथं नाही. आपली न्यायालयं इंग्रजांच्या वळणाची असल्यानं मराठी वाचकाला ती ओळखीची आहे. पण ज्यानं गोल्त्समनला ब्रिस्टल हॉटेलाबद्दल बोलताना ऐकलं होतं त्याच्या तोंडून हा प्रश्न यावा, यानं मन विषण्ण होतं.

सहा आठवड्यांच्या घासाघिशीनंतर ८ ऑगस्टला करार झाला आणि न्यायाधिकरणाची सनद ठरली. निकितचेंको आणि त्रायनिन यांनी सोव्हिएत संघाच्या वतीनं सह्या केल्या. तडजोड दोन्ही बाजूंनी झाली होती. उलटतपासणी आली, आणि आरोपीला शपथेवर साक्ष देण्याची मुभा मिळाली, जी युरोपातल्या अनेक वकिलांना चमत्कारिक वाटली. सोव्हिएत आग्रहामुळे न्यायाधिकरणाचं कायमचं मुख्यालय बर्लिन ठरलं आणि गुन्ह्यांची कक्षा युरोपीय अक्षराष्ट्रांच्या बाजूनं वागणाऱ्यांपुरती आखली गेली. विजेत्यांच्या कृत्यांना हात लागणार नव्हता. सनदेच्या तिसऱ्या कलमात तर स्पष्टच लिहिलं, की न्यायाधिकरणाला किंवा त्याच्या कोणाही सदस्याला फिर्यादी पक्ष वा आरोपी यांपैकी कोणीही आक्षेप घेऊ शकणार नाही.

या कलमाची गरज तीन महिन्यांत पडली. १९ नोव्हेंबरला, न्यूरेंबर्गमधली सुनावणी सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, आरोपींच्या वकिलांनी एकत्रित अर्ज दिला: युद्धातल्या एकाच पक्षानं कायदा केला, फिर्याद केली आणि न्यायाधीशही नेमले. न्यायाधिकरणाचे अध्यक्ष, ब्रिटनचे न्यायाधीश जेफ्री लॉरेन्स यांनी तिसऱ्या कलमाकडे बोट दाखवून तो फेटाळला. निकितचेंको ज्या कलमाच्या आडोशाला बसले होते, त्याखाली त्यांची स्वतःची सही होती. माझ्या मते सबंध न्यूरेंबर्ग प्रकरणातली सर्वांत दुबळी जागा ही आहे. खटला भरायलाच हवा होता याबद्दल मला तिळमात्र शंका नाही, आणि म्हणूनच ही जागा जास्त बोचते.

न्यूरेंबर्गच्या ६०० क्रमांकाच्या दालनात आठ न्यायाधीश एका रांगेत बसत. सहा जणांच्या अंगावर काळे झगे. निकितचेंको आणि त्यांचे पर्यायी अलेक्सांद्र व्होल्चकोव्ह यांच्या अंगावर लष्करी गणवेश. झग्याचा विषय आधी न्यायाधीशांच्या बैठकीत निघाला होता. निकितचेंकोंना तो मध्ययुगीन वाटला. शेवटी ज्यानं त्यानं आपल्या रीतीप्रमाणे यावं असं ठरलं. समोरच्या आरोपींत लष्करी अधिकारीही होते, त्यांच्या गणवेशावरची पदचिन्हं काढून घेतलेली. न्यायाधीशाच्या खांद्यावर ती होती.

नोव्हेंबरच्या अखेरीस व्हिशिन्स्की न्यूरेंबर्गला आला. आता तो परराष्ट्र खात्याचा उपमंत्री होता आणि सोव्हिएत गटाची सूत्रं हलवणाऱ्या मॉस्कोतल्या गुप्त आयोगाचा प्रमुख. त्याच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीत त्यानं प्याला उंचावला आणि आरोपींची वाट न्यायालयातून थेट थडग्याकडे जावो अशी इच्छा बोलून दाखवली. भाषांतर कानावर पडेपर्यंत अमेरिकी न्यायाधीशांनी प्याले ओठाला लावले होते. पर्यायी न्यायाधीश जॉन पार्कर यांना ते फार लागलं. खटला सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता. निकितचेंकोंना मात्र यात नवल वाटण्याजोगं काही नसावं. १९३६ मध्ये याच माणसाचं फिर्यादीचं भाषण त्यांनी न्यायासनावरून ऐकलं होतं.

एवढं वाचून निकितचेंको म्हणजे स्टालिनचा शिक्का, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण तेवढ्यानं भागत नाही. त्यांच्या देशातली सुमारे २ कोटी ७० लाख माणसं त्या युद्धात गेली, असा आजचा अंदाज आहे. फेब्रुवारी १९४६ मध्ये सोव्हिएत पुरावा सुरू झाला तेव्हा दालनातली हवा बदलली. २७ फेब्रुवारीला विल्नाचा यिडिश कवी अब्राहम सुत्स्केव्हर साक्षीला आला. त्याला बसायची परवानगी होती, तरी तो उभाच राहिला. घेट्टोतल्या दवाखान्यात त्याच्या बायकोनं मुलाला जन्म दिला होता आणि जर्मन हुकुमानं त्या मुलाला मारलं गेलं होतं. ते त्यानं न्यायाधीशांना सांगितलं. त्याच दिवशी ट्रेब्लिंकातून जिवंत सुटलेल्या सॅम्युएल राज्झमन यांचीही साक्ष झाली. हा पुरावा खरा होता. तो पुढे आणण्याचं काम सोव्हिएत फिर्यादी पक्षानं केलं आणि त्या कामाचं मोल कमी लेखता येत नाही. शिक्षेच्या बाबतीत निकितचेंको इतके कठोर का होते, याचं उत्तर केवळ मॉस्कोच्या हुकुमात शोधणाऱ्यांनी ही साक्ष एकदा वाचावी.

आणि तरीही त्याच आरोपपत्रात कातिन होतं.

स्मोलेन्स्कजवळच्या कातिनच्या जंगलात हजारो पोलिश अधिकाऱ्यांची प्रेतं सापडली होती. १९४० च्या वसंतात त्यांना सोव्हिएत गुप्त पोलिसांनीच मारलं होतं. सोव्हिएत फिर्यादी पक्षानं हा गुन्हा जर्मनांच्या माथी मारला, आणि आरोपपत्र दाखल करायला तीन दिवस उशीर लावून मृतांचा आकडा ९२५ वरून ११,००० वर नेला. बाकीच्या तीन देशांच्या फिर्यादींना हे नको होतं, पण ते गप्प बसले. सोव्हिएत बाजूचा भरवसा सनदेच्या २१ व्या कलमावर होता: सरकारी आयोगांचे अहवाल न्यायाधिकरणानं सिद्धतेशिवाय ग्राह्य धरावेत. म्हणजे मॉस्कोनं नेमलेल्या आयोगानं जर्मन दोषी आहेत म्हटलं की विषय संपला. जर्मन वकिलांनी याविरुद्ध साक्षीदार मागितले आणि न्यायाधीशांनी बहुमतानं ते मान्य केलं. अहवाल दाखल होईल, पण त्याला आव्हानही देता येईल. निकितचेंकोंनी याला कडाडून विरोध केला. हे कलम लिहिताना आपण समोर बसलो होतो, त्याचा अर्थ असा नाहीच, असा त्यांचा सूर होता. फिर्यादी न्यायाधीश झाला की काय होतं, ते या वेळी स्वच्छ दिसलं. कायद्याचा अर्थ लावताना ते आपल्या जुन्या बाजूचा हेतू पुढे करत होते.

१ आणि २ जुलै १९४६ रोजी दोन्ही बाजूंचे तीन-तीन साक्षीदार झाले. ज्या जर्मन तुकडीवर ठपका होता तिचे अधिकारी उलटतपासणीत टिकले. त्याआधीच मे महिन्यात १९३९ च्या हिटलर-स्टालिन कराराच्या गुप्त कलमांचा विषय माजी परराष्ट्र सचिव वाइत्सेकर यांच्या साक्षीतून दालनात येऊन गेला होता. रुदेन्कोंनी आक्षेप घेतला, तरी बाहेर पडायचं ते पडलंच. पोलंड वाटून घेणाऱ्या दोघांपैकी एकाचा प्रतिनिधी न्यायासनावर बसला आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. निकालपत्रात कातिनचा एका शब्दानंही उल्लेख नाही. न्यायाधीशांनी खोट्यावर शिक्का मारला नाही, आणि खरं बोलण्याचं धैर्यही दाखवलं नाही. मॉस्कोनं हा गुन्हा कबूल केला १३ एप्रिल १९९० रोजी.

निकालाची खलबतं उन्हाळाभर चालली. सनदेचा एक नियम इथं कळीचा ठरला: दोषी ठरवायला आणि शिक्षा द्यायला चारांपैकी तीन मतं हवीत. दोन विरुद्ध दोन झाले तर आरोपी सुटणार. निकितचेंकोंना हा अर्थ मान्य नव्हता, पण तो लागू झाला. हिटलरचा शस्त्रास्त्र मंत्री आल्बेर्त श्पेअर याच्या बाबतीत त्यांनी आणि बिडल यांनी फाशीला मत दिलं, लॉरेन्स आणि फ्रान्सचे दोनदिय द व्हाब्र यांनी कैदेला. दुसऱ्या दिवशी बिडल यांनी मत बदललं आणि श्पेअरला वीस वर्षं मिळाली. त्या टेबलाभोवती निकितचेंको पुन्हा पुन्हा एकटे पडत होते. १९३६ मध्ये मत मांडण्याचा, मोजण्याचा, हरण्याचा प्रश्नच आला नव्हता.

३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर १९४६ ला निकाल वाचला गेला. बारा जणांना फाशी, तिघांना जन्मठेप, चौघांना दहा ते वीस वर्षांची कैद, आणि तिघं निर्दोष: बँकर श्याख्त, मुत्सद्दी फोन पापेन आणि नभोवाणीवरून बोलणारा हान्स फ्रिट्शे. अखेरीस लॉरेन्स यांनी जाहीर केलं, की सोव्हिएत सदस्याला आपली असहमती नोंदवायची आहे. मॉस्कोशी बोलणं झाल्यावरच निकितचेंकोंनी हे पाऊल उचललं, हे त्यांच्या सहकाऱ्यांना ठाऊक होतं. तिघांना सोडणं चूक आहे, हिटलरचा उपनेता रुडॉल्फ हेस याला जन्मठेप नव्हे तर मृत्युदंड हवा, जर्मन मंत्रिमंडळ आणि सैन्याचं सर्वोच्च नेतृत्व यांना गुन्हेगार संघटना ठरवायला हवं होतं, असे त्यांचे मुद्दे होते. फ्रिट्शे हा सोव्हिएत फौजांच्या हाती लागलेला आरोपी. तो सुटणं मॉस्कोला विशेष झोंबलं.

हे असहमतीपत्र वाचताना मला प्रत्येक वेळी एकच गोष्ट जाणवते. लंडनमध्ये ज्यांनी म्हटलं होतं की दोष आधीच ठरला आहे, त्यांना इथं एकेका माणसाचा दोष पुराव्यानिशी सिद्ध करावा लागला. श्याख्तनं शस्त्रसज्जतेसाठी पैसा कसा उभा केला, पापेननं हिटलरला सत्तेच्या दारापर्यंत कसं आणलं, हेसच्या सह्या कोणत्या फर्मानांवर आहेत, सगळं तारीखवार. मत मॉस्कोचं असेल, पण ते मांडताना खटल्यात आलेला पुरावाच वापरावा लागला. जर्मन सेनापतींबद्दलचं त्यांचं म्हणणं तर पुढच्या अनेक इतिहासकारांना बहुमतापेक्षा अधिक पटण्यासारखं वाटलं, कारण ‘सैन्य स्वच्छ होतं’ ही दंतकथा नंतर बराच काळ जर्मनीत टिकली.

दोन वर्षांनी जपानी पुढाऱ्यांवरच्या तोक्यो खटल्यात चित्र उलटं होतं. तिथं कलकत्त्याचे न्यायाधीश राधाबिनोद पाल यांनी असहमती नोंदवली ती सगळ्याच आरोपींना सोडावं म्हणून. त्या न्यायासनाचे अध्यक्ष विल्यम वेब यांनी आधी ऑस्ट्रेलिया सरकारसाठी जपानी अत्याचारांची चौकशी केली होती, आणि फिलिपिन्सचे देल्फिन हारानिल्या बतानच्या मृत्युयात्रेतून वाचलेले होते. आज हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात पूर्वाश्रमीचे सरकारी वकील न्यायाधीश होतात, जपानच्या तोमोको आकाने या त्यांपैकीच. पण रोम सनदेचं ४१ वं कलम सांगतं, की त्याच प्रकरणाशी पूर्वी कोणत्याही नात्यानं संबंध आलेल्या न्यायाधीशाला त्यात बसता येणार नाही, आणि आरोपीला तसा आक्षेप घेता येतो. न्यूरेंबर्गच्या तिसऱ्या कलमाच्या नेमकं उलट.

निकितचेंको १९६७ साली मॉस्कोत वारले. त्यांना ज्या तिघांना सोडायचं नव्हतं, त्यांची सुटका फार काळ टिकली नव्हती. नाझीवादाची पाळंमुळं खणण्यासाठी जर्मनीत नेमलेल्या न्यायमंडळांनी त्यांच्यावर पुन्हा खटले चालवले. श्याख्त आणि पापेन यांना आठ-आठ वर्षांची सक्तमजुरी झाली, फ्रिट्शेला नऊ वर्षांची. अपिलं झाली, सवलती मिळाल्या, आणि १९५० पर्यंत तिघंही बाहेर आले.